रांगोळीखालचं भगदाड

लग्न होऊन पुण्याहून बंगळूरच्या यशवंतपूरला आले तेव्हा मला वाटलं होतं, घरात एक सासू आहे. निघाल्या दोन. दुसरी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण, जिला सगळा रस्ता अक्का म्हणतो. त्या आमच्याच रांगेत, थोडं पुढे राहतात. पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरात मुरलेली ही मराठी माणसं. घरात मराठी बोलतात आणि भांडण रंगात आलं की कन्नडवर घसरतात. रोज संध्याकाळी सासूबाई अक्कांकडे जायच्या, दोघी यथेच्छ भांडायच्या आणि दिवेलागणीला सासूबाई तरतरीत होऊन परत यायच्या. डॉक्टरांच्या गोळ्यांनी जे होत नसे ते या भांडणाने व्हायचं.

संक्रांतीला अक्का म्हणाल्या, "तुझी गुळपोळी फुटली." सासूबाई फुरंगटल्या. यात नवीन काही नव्हतं, दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा भांडायला गेल्याच असत्या. पण त्याच रात्री पाण्याचा टँकर मागे घेताना अक्कांच्या फाटकासमोरचा गटारावरचा स्लॅब मोडला. सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनपासून वॉकर घेऊन चालतात. वॉकर घेऊन गटारावरून उडी कशी मारणार? आणि अक्का खुबा मोडल्यापासून मागच्या खोलीबाहेर पडलेल्या नाहीत. त्यांचे मुलगा-सून बोम्मसंद्राला कामाला. सकाळी उडी मारून जातात, संध्याकाळी उडी मारून येतात, आणि अक्कांनी विचारलं की सांगतात, "काही नाही अम्मा, स्वल्प फट पडलीय."

झालं. अक्कांनी धरून ठेवलं की फट हे निमित्त आहे, धाकटी अजून पोळीवरून रुसून बसलीय. फोनवर सासूबाई शपथा घ्यायच्या आणि पलीकडून अक्का म्हणायच्या, "सरी, सरी, कळलं. यायचं नसेल तर नको येऊस." मी जाऊन फोटो दाखवला तर म्हणाल्या, सून सासूचीच बाजू घेणार. सासूबाईंचं जेवण अर्ध्यावर आलं. मी चिडले. मी चिडले की गप्प बसत नाही. पालिकेच्या ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली, परत टाकली, आणि एक दिवस निरोप आला की वॉर्ड समितीची माणसं इंजिनियरांना घेऊन रस्त्याची पाहणी करायला येणार आहेत.

आता पाहणीला माणसं येणार म्हटल्यावर शहाण्या माणसाने काय करावं? होतं तसं ठेवावं. आमच्या रस्त्याने काय केलं? पहाटेपासून रस्ता झाडला. सडा घातला. कोपऱ्यावरचा कचरा कुणीतरी स्वतःच्या गाडीत घालून नेला. फाटकांना आंब्याची पानं लागली. एकीने उप्पिटाचा रवा भाजायला घेतला, एकीने कॉफीचं डिकॉक्शन लावलं. मी म्हणत होते, अहो, ते दोष बघायला येतायत, मुलगी बघायला नाही. माझं कोण ऐकतंय.

सगळ्यात पुढे सासूबाई. वॉकर टेकत अक्कांच्या फाटकापर्यंत गेल्या, ते भगदाड बघितलं आणि म्हणाल्या, "बाहेरची माणसं येणार. दारात हे बरं दिसतं का?"

"अहो, हेच तर त्यांना दाखवायचंय," मी म्हटलं.

"दाखवू की. कॉफी झाल्यावर दाखवू. आल्या आल्या भगदाड दाखवतात का कुणाला?"

शेजाऱ्यांचा कॅरम बोर्ड आणला गेला. तो भगदाडावर उपडा घातला, वर ओल्या मातीचा हात फिरवला, आणि त्यावर मी मोराची रांगोळी काढली. रागाने काढली, पण मोर झकास आला हे मी आजही सांगेन.

पाहुणे आले. वॉर्ड समितीचे अध्यक्ष, म्हणजे एक निवृत्त मास्तर, आणि वॉर्डचे इंजिनियर. मी श्वास रोखून उभी. कुणीतरी एक पाय ठेवा, कॅरम बोर्ड मोडू दे, साहेबांचा बूट गटारात जाऊ दे, म्हणजे एकदाचं कळेल. पण रांगोळीवर पाय कोण देणार? सगळे मोराला वळसा घालून, अदबीने, रस्त्याच्या कडेने गेले. इंजिनियरांनी वाकून मोराचा फोटोसुद्धा काढला. मग उप्पिट झालं, कॉफी झाली, आणि सासूबाई भगदाडाचं काढणार तेवढ्यात साहेबांना दुसऱ्या रस्त्यावरून फोन आला. गेले. दुपारी शेजाऱ्यांचा कॅरमचा अड्डा जमायचा होता म्हणून बोर्डही गेला. मला हसावं की रडावं कळेना, मी दोन्ही केलं.

त्या आठवड्यात वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाहणीचा रिपोर्ट आला. फूटपाथ सुस्थितीत. गटारावरचे सर्व स्लॅब शाबूत. नागरिकांचा उत्साह वाखाणण्याजोगा. खाली मोराचा फोटो. अक्कांच्या मुलाने तो रिपोर्ट मोराच्या कौतुकात आईला वाचून दाखवला. त्यानंतर अक्कांनी सासूबाईंचा फोन उचलणं बंद केलं. सरकारच लेखी देतंय की रस्ता धड आहे, मग न येणारी खोटारडी. सासूबाई दिवसभर फोन मांडीवर घेऊन बसायच्या. मी पोळी वाढली की म्हणायच्या, "आता नको गं." त्यांचं ते बसणं मला बघवत नव्हतं.

वॉर्डाची महिन्याची सभा आली. "मला ने," सासूबाई म्हणाल्या. रिक्षात वॉकर कोंबून त्यांना नेलं. प्लास्टिकच्या खुर्च्या, मारी बिस्किटं, डगमगता पंखा. इंजिनियर कचरा, दिवे, पाणी असं करत आमच्या रस्त्यावर आले आणि "सर्व स्लॅब शाबूत" म्हणाले, तशा सासूबाई वॉकर वाजवत उठल्या. कन्नडमध्ये म्हणाल्या, "तो मोडलाय. मोराच्या खाली मोडलाय."

सभेला कळेना. मी सांगितलं सगळं. मातीचा हात, कॅरम बोर्ड, सगळं. मास्तरांनी तोंडावर रुमाल धरला. मागच्या रांगेतल्या बाया खिदळायला लागल्या. इंजिनियर भला माणूस, लाल झाला, पण म्हणाला, "अज्जी, उद्याच नवीन स्लॅब टाकतो. झालं?"

"उद्या टाकू नकोस. आधी मोडलाय असं लिही."

"अहो, टाकतोच आहे म्हटल्यावर लिहायचं कशाला?"

"तू नवा टाकलास की माझी अक्का म्हणेल, तो होताच. रिपोर्टातही होताच. मी मरेपर्यंत खोटी. आधी लिही, मोडला होता. मग टाक, नाहीतर टाकू नकोस."

"पण अज्जी, मोडलाय लिहिलं तर वरून विचारतील, आधी शाबूत का लिहिलं?"

"सांग, रांगोळी होती."

आता मास्तरही आवरले नाहीत. मी हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होते. इंजिनियर म्हणाला की दुरुस्ती पुढच्या महिन्याच्या सभेत मंजूर होते, तशी पद्धत आहे. तेव्हा सासूबाईंचा आवाज एकदम खाली आला. "ती ऐंशीच्या पुढे आहे रे," त्या म्हणाल्या. "माझ्याशी बोलत नाही. पुढच्या महिन्याचं कुणी बघितलंय?"

मास्तरांनी रुमाल खिशात घातला आणि म्हणाले, "लिहा हो. मी सही करतो." तिथेच लिहिलं गेलं. स्लॅब पूर्ण मोडलेला, वृद्ध नागरिकास ओलांडणे अशक्य, आधीची नोंद चुकीची. सही, शिक्का.

इंजिनियरांनी आम्हाला त्यांच्या जीपमधून सोडलं. अक्कांच्या फाटकाशी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "आता मला पलीकडे घाला." आम्ही नको म्हटलं. ऐकतायत कुठल्या. साहेब गटारात एक पाय घालून उभे राहिले, मी मागून धरलं, जीपच्या ड्रायव्हरने वॉकर पलीकडे नेला, आणि "हळू, हळू" करत त्या पोचल्या. साहेबांचा बूट गेला तो गेलाच.

अक्का खिडकीशी खुर्चीत होत्या. सासूबाईंनी शिक्का मारलेला कागद त्यांच्या हातात दिला. अक्कांनी चष्मा लावून पूर्ण वाचला. मग खाली ठेवला आणि अंगावरच आल्या. "अक्कल आहे का तुला? एवढं भगदाड पडलंय आणि गुडघा बदललेली बाई त्यावरून येते? पडली असतीस म्हणजे?" ओरडता ओरडता त्यांनी सासूबाईंचा पाय ओढून मांडीवर घेतला आणि गुडघा चाचपायला लागल्या. सासूबाई रडत होत्या आणि म्हणत होत्या, "पोळी फुटली नव्हती. तुला दिसत नाही." साहेब एका बुटावर दारात उभे. त्यांना कॉफी मिळाली.

"नवा स्लॅब बसेपर्यंत ही इथेच राहील," अक्कांनी जाहीर केलं.

नवा स्लॅब दोन दिवसांत बसला, चांगला जाड. मी आणायला गेले. अक्का म्हणाल्या, "रिपोर्टात आलंय का? यायच्या आधी पाठवणार नाही. एकदा फसलेय मी." सासूबाई भाजी निवडत होत्या, मान वर केली नाही. घरी माझी चिडचिड व्हायला लागली. संध्याकाळी कुणाला काही बोलावं तर समोर कुणी नाही.

पुढच्या सभेला मी एकटी गेले. इंजिनियरांनी सर्वांत आधी आमचा स्लॅब वाचला आणि माझ्याकडे बघून मान डोलावली. मी रिपोर्ट छापून घेतला आणि थेट अक्कांकडे. त्यांनी चष्मा लावला, ओळीवर बोट फिरवलं. सासूबाई शेजारी बसून त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

"'बसवला' लिहिलंय," अक्का म्हणाल्या. "'नीट बसवला' कुठे लिहिलंय?"

सासूबाईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या उरलेल्या साड्याही अक्कांकडे नेऊन दिल्या.