ओट्सच्या डब्यात सळई

धान्याच्या गोदामात एकतीस वर्षं पोत्यांत सळई खुपसून नमुने काढलेल्या माणसाचा जगावर विश्वास उरावा तरी कसा? चाळणीकाकांचा उरला नव्हता. पोत्याच्या तोंडाशी टपोरा दाणा आणि बुडाशी भुसा, हा अनुभव त्यांनी माणसांनाही लावून टाकला होता. निवृत्त झाले तेव्हा निरोपाचा हार गोदामातच विसरले, पण ती पोकळ सळई मात्र आठवणीने घरी आणली. सवत आणलीत, तीही लोखंडाची, असं काकू तेव्हा म्हणाल्या होत्या म्हणे.

अशा माणसाची साखर वाढली. डॉक्टरीणबाईंनी रोजचं चालणं सांगितलं आणि सकाळी बिनसाखरेचे जाड ओट्स. तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, आकडा उतरला नाही तर इन्सुलिनची सुई सुरू. जन्मभर दुसऱ्याच्या पोत्यात खुपसणाऱ्या काकांना स्वतःच्या पोटात रोज सुई, या कल्पनेनेच घाम फुटला.

जाडच का, हे त्यांनी खोदून खोदून विचारलं. बाईंनी समजावलं, की जाड काय आणि झटपट काय, धान्य एकच. प्रथिनं आणि तंतूही जवळजवळ तेवढेच. पण झटपट ओट्स आधीच शिजवून, पातळ दाबून, बारीक केलेले असतात. ते पोटात लवकर पचतात, त्यामुळे रक्तात साखरही लवकर चढते. शिवाय चवीच्या पाकिटांत वरून दोन-तीन चमचे साखर असते, ती वेगळीच. एवढ्या सगळ्यातलं काकांनी काय उचललं? धान्य एकच. म्हणजे एकात दुसरं मिसळलं तर कुणाच्या बापाला कळणार नाही!

पंधराएक दिवस बरे गेले. मग त्यांच्या लक्षात आलं, की पूर्वी दहा मिनिटं रटरटणारं पातेलं आता सहा मिनिटांत उतरतंय. वाटीतलं खाणंही गुळगुळीत झालंय. काकू सकाळी शिवणाचा वर्ग घेत. त्यांना घाई असे. काकांच्या मनात पाल चुकचुकली. वेळ वाचवायला ही बाई जाड ओट्समध्ये झटपटवाले मिसळतेय. चाळीस वर्षांचा संसार, आणि नवऱ्याला सुईच्या तोंडी देतेय!

काकांनी ताकास तूर लागू दिली नाही. काकू वर्गाला गेल्या, की डबा खाली घ्यायचा, सळई तीन ठिकाणी बुडापर्यंत खुपसायची, नमुना काळ्या कागदावर पसरायचा आणि भिंगाखाली अख्खे, तुटके आणि चुरा वेगळे करायचे. चुरा रोज वाढत होता. चोरी डोळ्यांसमोर चालली होती.

पण पुरावा पक्का हवा. त्यासाठी शेजारी ठेवून बघायला अस्सल झटपट माल हवा, म्हणून त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून मध-सफरचंदाच्या चवीची पाकिटं आणली. आदल्या दिवशीच्या नमुन्याशी आजचा ताडून बघायचा नाही, हा गोदामातला नियम. म्हणून रोज नवं पाकीट. आणि चाखल्याशिवाय तपासणी पुरी होते का कधी? फोडलेलं अन्न टाकायचं, तर तेही पाप. रिकाम्या पाकिटावर तारीख घालून, सही करून ते बुटाच्या खोक्यात जाई.

तीन महिन्यांनी आकडा आला. उतरला तर नव्हताच, चांगला दोन पायऱ्या वर चढला होता.

काका दवाखान्यात खोकं घेऊनच गेले होते. सळईही पिशवीत होती. काकूंच्या देखत त्यांनी बाईंसमोर सगळी हकिगत मांडली. बाईंनी खोकं उघडलं, पाकिटं मोजली. चौसष्ट भरली.

"काका, हे कुणी खाल्लं?"

"तपासणीसाठी चाखलं."

"रोज?"

"नमुना रोजच घ्यावा लागतो."

"अख्खं पाकीट?"

काका छताकडे बघू लागले. बाईंनी सळई हातात घेऊन तिचं टोक निरखलं.

"आणि ही डब्यात किती वेळा जायची?"

"तीनदा. नियमच आहे."

"अहो," काकू प्रथमच बोलल्या, "ओट्स मी रात्रीच भिजत घालते, म्हणून लवकर शिजतात. आणि त्या ठिसूळ पापड्यांत रोज लोखंड घालताय, तर चुरा मी कशाला करू?"

बाहेर बाकावर बसलेल्या रुग्णांपर्यंत हे गेलंच. दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीला ठाऊक झालं. सांगितलं कुणी, ते मला विचारू नका.

बाईंनी सुई आणखी दोन महिने पुढे ढकलली. अट एकच: पाकिटं बंद, डबा काकूंच्या ताब्यात आणि वाटीत जे येईल ते मुकाट खायचं. काकांनी खाल्लं. प्रत्येक घास जिभेवर घोळवून, काकूंच्या तोंडाकडे बघत, पण खाल्लं.

दोन महिन्यांनी आकडा सरळ खाली आला. सुई टळली. काकूंनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांनी अहवाल उजेडाकडे धरून पुढून-मागून पाहिला, मग रक्त काढणाऱ्या मुलीला बाजूला घेऊन हळूच विचारलं, की बाटलीवर नावाची चिठ्ठी रक्त भरण्याआधी चिकटवता की नंतर, आणि त्या वेळी आमच्या हिचं तुमच्याशी काही बोलणं झालं होतं का.