श्रीनूला शेवटचं बोलावणं

शिव्या द्यायच्या तर द्या मंडळी, पण आज मी मेलेल्या माणसाला विमानाचं तिकीट काढून दिलं.

मी हैदराबादच्या नारायणगुड्याची. एका कबड्डी संघाचा प्रवास सांभाळते. आज हैदराबाद, परवा भलतंच शहर. वेळ कुठला? जुनी एखादी यादी उचलायची, तारीख बदलायची, तिकिटं काढायची, सगळ्यांचं वेब चेक-इन उरकायचं. काल तेच केलं, पण यादी दीड महिन्यापूर्वीची निघाली आणि तिच्यात श्रीनूचं नाव तसंच राहिलं. आमचा चढाईपटू श्रीनू. गेल्या महिन्यात बाइकच्या अपघातात गेला.

सकाळी पोरं गेटवर रांगेत होती, तेवढ्यात स्पीकरवर त्याचं पूर्ण नाव आलं. शेवटची सूचना, ताबडतोब गेटवर या. पोरं जागच्या जागी थिजली. नाव पुन्हा पुकारलं.

गेटवरच्या मुलीनं मला विचारलं, "ये पॅसेंजर आ रहे क्या, मॅडम?"

श्रीनूचा रूममेट जावेद पुढे झाला.

"आरा बोलो, मॅडम. हमेशा लेटिच आता उनो."

तिनं खरंच दोन मिनिटं वाट पाहिली. आम्ही सगळे मागे वळून बघत उभे होतो. मीसुद्धा.

आता हॉटेलात परतीची यादी उघडून बसलेय. नाव कमी करायला एक बटण पुरतं, पण बोट पुढे जात नाही.

तुमच्या घरचं माणूस गेल्यावर रेशनकार्डावरून नाव कमी करायला कोण गेलं होतं हो? त्या दिवशी घरी परत आल्यावर ते जेवले होते का?