ना त्याचं घर, ना माझं

दाजी स्वतःच्या लग्नालासुद्धा कागद घेऊन उभे राहिले होते. चेष्टा नाही करत, मी माझ्या डोळ्यांनी बघितलाय तो कागद. मुंडावळ्या बांधलेला नवरदेव मध्येच कोटाच्या खिशात हात घालतो, एक घडी काढतो, तिच्यावर नजर टाकतो आणि परत ठेवून देतो. ताईच्या मागे करवली म्हणून मीच उभी होते. अक्षतांच्या धांदलीत ती घडी खाली पडली, ती मी उचलली आणि उभ्या उभ्या वाचली. ‘१०.३५ : मांडवात प्रवेश. १०.४० : घाम पुसणे. १०.५५ : मुलीकडे एकदाच बघणे.’ मी ताईच्या कानात म्हटलं, “अगं, हा माणूस वेडा आहे.” ताई मान खाली घालून म्हणाली, “एकदाच लिहिलंय होय? मघापासून सात वेळा बघून झालंय.”

पिंपरीच्या एका मोठ्या कारखान्यात दाजी प्लॅनिंगमध्ये होते. कुठला भाग कुठल्या दिवशी कुठल्या मशीनवर चढायचा, ते चौकटी आखून, रंगीत पेन्सिलींनी भरून लावायचं, हे त्यांचं काम. आठ तास तेच करून माणूस कंटाळेल की नाही? हे घरी येऊन पुन्हा पट्टी-पेन्सिल काढायचे. पापड करायचे म्हटले तरी तक्ता, पाहुणे यायचे म्हटले तरी तक्ता. “कागदावर आलं की अर्धं झालं,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आणि उरलेलं अर्धं ताई करायची, हे माझं ठरलेलं उत्तर.

मला चिंचवडला शाळेत नोकरी लागली तेव्हा मी ताईकडेच राहायला आले. आकुर्डीला दोन खोल्यांची जागा, त्यात ही दोघं, त्यांची तीन पोरं आणि वर मी. पण दाजींच्या कपाळावर कधी आठी नाही. मी आले त्या दिवशी त्यांनी भिंतीवर मोरीचं वेळापत्रक लावलं आणि त्यात सकाळची सगळ्यात चांगली वेळ माझ्या नावावर टाकली. स्वतःला पावणेपाच. मला ते ‘मास्तरीणबाई’ म्हणायचे. मेहुणीच्या जिभेला तसंही हाड नसतं, त्यात मी मास्तरीण. मी त्यांना येता-जाता टोचायची आणि ते हसून म्हणायचे, “बोला, बोला. तुमच्या बोलण्याची वेळ मी धरलेलीच आहे.”

एका गोष्टीचा मात्र त्या घरात तक्ता नव्हता आणि बोलणंही नव्हतं. ती म्हणजे कुरुळी. चाकणजवळचं हे दाजींचं गाव. तिथं त्यांचे थोरले भाऊ शेती करायचे आणि आई त्यांच्याजवळ असायची. आम्ही सगळेच तिला आई म्हणायचो. शेताची वाटणी झाली त्या वर्षी होळीला दोघे भाऊ जेवायला बसले होते. बोलता बोलता थोरले म्हणाले, “घड्याळाच्या चाकराला वावर कशाला पायजे?” दाजी भरल्या ताटावरून उठले. आईनं नुकतीच पोळीवर तुपाची धार धरली होती, तिच्या हातात तांब्या तसाच राहिला. त्या दिवसापासून नऊ वर्षं दाजींनी थोरल्यांचा उंबरा ओलांडला नाही, आणि थोरले आमच्याकडे फिरकले नाहीत.

आणि आईनं पुरणपोळी सोडली. “माझी दोन लेकरं एका पंगतीला बसल्याबिगर पोळी तोंडात घालायची न्हाई,” एवढंच बोलली. वर्षाला एक-दोनदा आमच्याकडे चार दिवस यायची. सणाचा दिवस असला तर आमच्या ताटात पोळी आणि तिच्या ताटात भाकरी. दाजी खाली मान घालून जेवायचे. नवव्या वर्षी आली तेव्हा तिला दम लागत होता, जिना चढताना तीनदा बसली. वर आल्यावर म्हणाली, “आता काय खरं न्हाई बाबा माझं.” संध्याकाळी दाजींनी पट्टी काढली.

चार दिवसांनी त्यांनी घरात जाहीर केलं, “आपण सहलीला जायचं. तंबूत राहायचं. दादाची माणसं पण.” तळेगावच्या पलीकडे एका धरणाच्या पायथ्याशी नवीन बाग झाली होती. आत मुलांची आगगाडी, आकाशपाळणा, घसरगुंड्या, आणि बागेला लागूनच मोकळं मैदान. तिथं कुटुंबांनी आपापले तंबू आणून मुक्काम करायचा, जागा आखून दिलेल्या, पाण्याचा नळ त्यांचा. हे खूळ तेव्हा नवंच होतं. मी म्हटलं, “दाजी, दोन खोल्यांत आपण तंबूसारखेच राहतो की!” ते हसले नाहीत. म्हणाले, “मास्तरीणबाई, मी त्याच्या घरी जाणार नाही, तो माझ्या घरी येणार नाही. मग तिसरी जागा नको का?”

मी उठून त्यांची पेन्सिल तासून दिली.

मग सुरू झाली ती तयारी! दापोडीला ट्रकच्या ताडपत्र्या शिवणारे एक चाचा होते, दाजींच्या जुन्या ओळखीचे. त्यांच्याकडून दाजींनी स्वतः काढलेल्या नकाशाप्रमाणे तंबू शिवून घेतला. “ट्रायल घेतल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही,” म्हणून आमच्या इमारतीपुढच्या मैदानात तीन गुरुवार तंबू उभारायची तालीम झाली. पहिल्या खेपेला तो ताईच्या अंगावर बसला. दुसऱ्या खेपेला उभा राहिला, पण दार भिंतीकडे तोंड करून. तिसऱ्या खेपेला घड्याळ लावून अकरा मिनिटांत ताठ उभा राहिला आणि गॅलऱ्यांमधून लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा दाढी कुरवाळत म्हणाले, “काय हो, सहलीला चाललाय का सरहद्दीवर?”

तक्ता तर विचारूच नका. स्वयंपाकघराच्या दारामागे लावलेला, बेचाळीस कलमांचा. कोणी कुठली पिशवी धरायची, काड्यापेटी कोणाच्या खिशात, पाऊस आला तर काय, पाऊस नाही आला तर काय. ‘आई टेंपोत चढताना : उजवा हात मी, डावा दादा.’ मी सुट्टीच्या दुपारी चेष्टेला मसाला मिळेल म्हणून तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एकेचाळीस कलमं निळ्या पेन्सिलीनं. सव्विसावं एकटं लाल. ‘१२.३० : जेवण. दोघांनी शेजारी.’ लाल रंग त्यांच्या खात्यात कशासाठी वापरतात ते मला ठाऊक होतं. हे अडलं तर पुढचं सगळं अडलं, त्याला लाल. मी दार लोटलं आणि त्या तक्त्याची चेष्टा पुन्हा कधी केली नाही.

थोरल्यांकडे निरोप आईनंच नेला. त्यांच्या पोरांनी आगगाडीचं नाव ऐकल्यावर घर डोक्यावर घेतलं. थोरल्यांचा उलट निरोप आला, “पोरांसाठी येतो. पण भाकर माझी मी बांधून आणीन. त्याच्या घरचा घास घेणार न्हाई.” दाजींनी निरोप दोनदा ऐकला आणि म्हणाले, “येतोय ना? बास.” पण रात्रभर कूस बदलत होते, असं ताईनं सांगितलं.

ठरल्या गुरुवारी चाचांनी स्वतःचा टेंपो आणला. तळेगावच्या स्टँडवर थोरले, वहिनी, चार पोरं आणि आई उभी होती. आईला चढवायला दोघे भाऊ दोन बाजूंनी आले, पण एकमेकांकडे बघितलं नाही. थोरल्यांच्या काखेत भाकरीचं गाठोडं. अख्ख्या वाटेत ते चाचांशी बैलांबद्दल बोलले आणि दाजी तक्त्याकडे बघत राहिले. पोहोचल्यावर तंबू साडेदहा मिनिटांत उभा राहिला. दाजींचा चेहरा जरा खुलला. मग आम्ही सगळे पोरांना घेऊन बागेच्या फाटकाशी गेलो.

फाटकाला कुलूप.

आतून रखवालदार आला. “आज गुरुवार. बाग बंद असती. रविवारची गर्दी हुती, म्हून गुरुवारी सुट्टी.”

आता बाहेरच्यांना हे कळायचं नाही, पण आमच्या त्या सगळ्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारचीच. कारखाने गुरुवारी बंद, म्हणून बाजार गुरुवारी, लग्नाची बोलणी गुरुवारी, माझी शाळासुद्धा गुरुवारी बंद. रविवारी डबा घेऊन कामाला जायचं आणि गुरुवारी मजा करायची, हे आमच्या इतकं अंगवळणी पडलेलं, की जगात गुरुवारी काही बंद असू शकतं हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. बेचाळीस कलमांत वार विचारायचं कलमच नव्हतं. चाचांना सुचलं नाही, ताईला नाही, आणि इतकी वर्षं जीभ परजणाऱ्या मलाही नाही.

सात पोरांनी एकदम भोकाड पसरलं. थोरल्यांनी गाठोडं काखेत नीट केलं आणि म्हणाले, “चला माघारी.” मला वाटलं, गेलं सगळं. आईनं फाटकाचा गज धरला होता आणि ती एकदा या लेकाकडे, एकदा त्या लेकाकडे बघत होती.

दाजी पुढे झाले. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्यांनी हाक मारली. “दादा, माझं चुकलं रं. येवढं समदं लिवलं आन वारच इचारला न्हाई.” दाजी घरात असं कधी बोलत नसत. कारखान्यात गेल्यापासून त्यांनी गावची बोली घडी करून ठेवून दिली होती. ती एकदम तोंडातून निघाली आणि थोरले थबकले. त्यांनी दाजींच्या हातातून कागद घेतला. तो लांबलचक कागद वरून खाली, खालून वर बघितला. त्यांना वाचता बेताचंच येत होतं, पण लाल ओळीशी त्यांचं बोट थांबलं. तिथं ते बराच वेळ थांबलं. मग एकाएकी ते हसायलाच लागले. “आरं बारक्या, येवढी पट्टी मारून मारून कागुद रंगावलास, आन सहल कुठं आणलीस? कुलपाला!” आणि हसता हसता त्यांनी उपरण्यानं डोळे पुसले.

मग ते रखवालदाराकडे वळले. “पाव्हणं, आत गाडी हाय न्हवं?”

“हाय, पण इंजनवाला न्हाई. घरी गेलाय.”

“इंजन ऱ्हाऊ द्या. ह्ये दोन बैल हायेत की,” असं म्हणून थोरल्यांनी एक हात स्वतःच्या छातीवर ठेवला आणि दुसरा दाजींच्या खांद्यावर.

रखवालदार नाही नाही म्हणत होता, तेवढ्यात आई म्हणाली, “बाबा, मला म्हातारीला येक डाव बसू दे की.” त्यानं तिच्याकडे बघितलं आणि किल्ली काढली. इंजिनापासून एक डबा सोडवून दिला. सात पोरं कोंबली, मध्ये आई. आणि कोपरापर्यंत बाह्या दुमडून दोघे भाऊ मागून ढकलायला लागले. चढावर थोरले ओरडायचे, “लाव जोर, चाकरा!” आणि दाजी धापा टाकत म्हणायचे, “लावतोय की, शेतकऱ्या!” नऊ वर्षांपूर्वी ज्या शब्दानं घर फुटलं तो शब्द त्या चढावरून असा गडगडत गेला. बागेतल्या तळ्याला एक फेरी झाली, दुसरी झाली, पोरं आणखी मागायला लागली. आईचा पदर वाऱ्यानं मागे गेला होता आणि ती दोन्ही हातांनी डब्याची कड धरून लहान मुलीसारखी बसली होती. मी उभ्या उभ्या रडत होते. लाज कसली त्यात?

घामेजलेले दोघे तंबूत येऊन टेकले ते शेजारी शेजारीच. साडेबारा नव्हते झाले, दोन वाजत आले होते. थोरल्यांनी गाठोडं सोडलं आणि पहिली भाकरी मोडून अर्धी दाजींच्या पुढ्यात टाकली. “घे. बैलाला वैरण लागती.” ताईनं डबा उघडला. तिनं पुरणपोळ्या करून आणल्या होत्या, कोणाला न सांगता, तक्त्यात नसताना. थोरल्यांनी एक उचलली आणि खाल्ली. मग आईनं हात पुढे केला. तिला ती चावेना, तर दाजींनी दुधात कुस्करून दिली. चाचा बाहेर जाऊन उगाचच टेंपोची काच पुसत बसले.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. बांधावरून पुन्हाही वाजलं, भावाभावांत वाजतंच. पण दिवाळीला थोरले आमच्याकडे आले, मोरीच्या वेळापत्रकापुढे उभे राहून पोट धरून हसले, आणि दाजी कुरुळीला जायला लागले.

आई पुढच्या उन्हाळ्यात गेली. दहाव्याला इंद्रायणीच्या काठी सगळे जमले होते. पिंड ठेवला. दाजी मला हळूच म्हणाले, “मास्तरीणबाई, वेळ लागेल. दुपार होईल. लोकांच्या पाण्याची सोय केलीय.” कावळा शिवायला लोक तास तास हात जोडून उभे राहतात. मेलेल्या माणसाचं मन कशात तरी अडकलेलं असतं. मग कोणी म्हणतं तुझ्या लेकीला बघीन, कोणी म्हणतं तुझी गाय विकणार नाही, आणि काय अडलंय ते ओळखलं की मग कावळा येतो. दाजींनीही मनाशी काय काय कबूल करायचं ते ठरवून आणलं असणार.

माणसं मागे सरली न सरली तोच कावळा आला. सरळ खाली उतरला आणि शिवला. थोरल्यांच्या तोंडून “आरं!” एवढंच निघालं. भोवतीचे लोक हात जोडून म्हणाले, “सुटली म्हातारी. कायच राहिलं नव्हतं तिचं.”

सगळ्यांना समाधान वाटलं. दाजी मात्र मटकन वाळूत बसले. थोरल्यांनी वाकून त्यांना धरलं, तर त्यांच्या कमरेला मिठी मारून हा पंचेचाळिशीचा माणूस मोठ्यानं रडायला लागला. “आई, येवढ्यात निघालीस व्हय गं? काय तरी मागायचं हुतंस. कायतरी राहू द्यायचं हुतंस.”