कवीच्या पुतळ्याची दुहेरी हनुवटी

आधीच सांगते, कमेंटमध्ये पत्ता विचारू नका. गावाचं आणि कवीचं नाव छापणार नाही असा शब्द मी ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंना दिलाय, आणि तो देताना त्यांच्या हातात खराटा होता.

जायचं ठरलं शुक्रवारी, लंडनजवळ ब्रॅकनेलला आमच्या घरी जेवताना. माझा ऑफिसमधला पोलिश मित्र तोमेक पुरणपोळीवर दूध ओतून घेत सांगत होता, ग्लॉस्टरशरच्या एका खेड्यात त्यांच्या एका मोठ्या कवीचा पुतळा आहे. "कवी आयुष्यात कधी इंग्लंडला आला नाही. आणि पुतळा अजिबात त्याच्यासारखा दिसत नाही. वर्स्ट स्टॅच्यू एव्हर!"

तीन महिन्यांसाठी आलेले माझे बाबा घास हातात धरून थांबले. "उद्या जाऊ," म्हणाले. विंडसर, बाथ, ग्रीनिच, सगळ्याला "बघू" म्हणणारा हा माणूस!

कारण मला ठाऊक होतं. सांगलीजवळच्या आमच्या गावात एका जुन्या कवीचं स्मारक व्हायचंय. चौथरा कधीचा तयार आहे, पुतळ्याचा पत्ता नाही. कवी फोटोचा जमाना यायच्या आधीच गेले, त्यामुळे डोक्यावर पगडी हवी की टोपी यावरून समितीत उभी फूट पडली. पगडीवाल्यांचे पुढारी बाबा, टोपीवाल्यांचे अण्णा, बाबांचे शाळेपासूनचे मित्र. भांडता भांडता दोघं बोलेनासे झाले आणि दोन वर्षांपूर्वी अण्णा तसेच गेले. आता नगरपालिकेचं पत्र आलंय: पुतळा बसवा, नाहीतर चौथरा सेल्फी पॉइंटला द्या. म्हणजे लाल बदाम आणि त्याच्याभोवती लुकलुकणारे दिवे. चौथरा सोडून द्यायचं संमतीपत्र बाबा बॅगेत घालून साता समुद्रापार घेऊन आले होते, सहीची जागा कोरी ठेवून.

शनिवारी आठला निघालो. एम फोरने स्विंडनपर्यंत सरळ रस्ता, पुढे उत्तरेकडे वळलं की समोरून ट्रॅक्टर आला तर कुंपणात घुसायची तयारी ठेवायची. एकूण दीड तास. मोटरवेवरच्या सर्व्हिसेसमध्ये जेवू नका, थालीपीठं बांधून न्या. रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून मी सुपरमार्केटमधून पिवळ्याधमक शेवंतीचा गुच्छ घेतला, पुतळा सांभाळणाऱ्या हालिनाबाईंसाठी. तोमेकने त्यांना फोन करून ठेवला होता.

गावात पार्किंग दोन पौंड, तेही फक्त अ‍ॅपवर.

"बाबा, थांबा ना जरा, अ‍ॅप डाउनलोड होतंय."

"तू कर डाउनलोड. मी पुतळा बघतो," म्हणत बाबा निघालेसुद्धा.

पोलिश क्लबची बैठी इमारत, मागे हिरवळ आणि हिरवळीवर काँक्रीटचा अर्धपुतळा. नाक बटाट्यासारखं, गाल गुबगुबीत, खाली दुहेरी हनुवटी. तोमेकच्या म्हणण्याप्रमाणे हा कवी परदेशात उपाशीतापाशी वारला होता. बाबांनी एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "खातापिता दिसतोय गं."

खाली पाचोळा झाडणाऱ्या हालिनाबाईंना मी वाकून गुच्छ दिला. त्यांनी आधी फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि खो खो हसत सुटल्या. "बेटी, आमच्याकडे ही फुलं कबरीवर वाहतात. थोडी घाई केलीस!"

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आमच्याकडे शेवंतीनेच पाहुण्यांचं स्वागत करतात, असं काहीतरी मी पुटपुटले. त्यांनी गुच्छ घेतला आणि पुतळ्यापाशी ठेवला. "वाया नाही जाणार. वडिलांना होतील."

"वडिलांना?" बाबांनी विचारलं.

मग क्लबात चहा झाला, खसखशीचा केक झाला आणि पुतळ्याची गोष्टही झाली. युद्धानंतर घरी परतू न शकलेले पोलिश सैनिक इथे छावणीत राहायचे. कामं वीटभट्टीवर, पण गावी असतो तसा आपल्या कवीचा पुतळा हवाच, हा हट्ट. त्यांच्यातला एक जण थडगी घडवणारा होता. कवीचं चित्र मात्र कुणाकडेच नव्हतं. हिवाळ्यात बराकीत माती गोठायची, म्हणून तो छावणीच्या स्वयंपाकघरात, चुलीशेजारी बसून साचा करायचा. समोर दिवसभर कोण? आचारी. हालिनाबाईंचे वडील.

"त्यांना कवितेतलं ओ की ठो कळत नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण उद्घाटनाला सगळे रडले. कवी म्हणून की आचारी म्हणून, कोण जाणे. मागे लंडनहून पाहुणे आले, म्हणाले, खऱ्या चेहऱ्याचा ब्राँझचा देतो. मी म्हटलं, हा खोटा आहे का? नाव छापू नकोस हं, नाहीतर पुन्हा येतील."

"आणि तुमच्यात कुणी भांडलं नाही? चेहरा कुणाचा, यावरून?" बाबांनी विचारलं.

"भांडले ना! पण मग जेवायला कुठे गेले असते?"

परतताना स्विंडन आलं. बाबा एकदम म्हणाले, "अण्णाच्या तेराव्यालासुद्धा गेलो नाही मी." मी गाडी चालवत राहिले. मला राग आला, दोघांचाही. चांगली शिकलीसवरलेली माणसं, एका टोपीपायी!

बाबा भारतात परतले त्याला आता महिना झाला. मला त्या सहलीतला खसखशीचा केक आठवतो आणि शेवंती दिसली की अजून कान तापतात. काल बाबांचा फोन आला. संमतीपत्र सही न करताच परत दिलंय, नगरपालिकेने सहा महिने दिलेत, मूर्तिकार ठरलाय.

"चेहऱ्याचं काय केलं?"

"अण्णाचा फोटो दिलाय मूर्तिकाराला. बैठकीत कुणी हूं की चूं केलं नाही."

मी जरा घाबरतच विचारलं, "आणि बाबा, डोक्यावर?"

"टोपी," बाबा म्हणाले. "अण्णाला पगडीत पाहिलंय कुणी कधी?"