वाळवीनं खाल्लेली बाजू

देवळातल्या गुरवाशीसुद्धा नारळाच्या भावावरून भांडणारा माणूस आहे मी. भूत, भानामती, अंगात येणं... असलं काही आयुष्यात मानलं नाही, आणि मानणाऱ्यांना दुकानातून उठवून लावलंय. तरीही हे लिहितोय, कारण ही एक गोष्ट मला आजवर सुटलेली नाही.

बारामतीत एस.टी. स्टँडजवळ माझा फोटो स्टुडिओ. गाव शेळगाव, तालुका इंदापूर. पूर्वी आमची मेंढरं होती. मी आईच्या पोटात असतानाच वडील गेले. त्यांचा जगात एकच फोटो — आणि वाटणीत तोही चुलत्यानं ठेवून घेतला. का, तर ‘माझा भाऊ हाय’. मी उपाशीतापाशी कॅमेरा शिकलो, स्वतःच्या पायावर उभा राहिलो, पण त्या फोटोसाठी भिगवणला किती हेलपाटे घातले असतील... चुलत्याची तिथं मच्छीची खानावळ. शेवटी ९८ सालच्या उन्हाळ्यात त्यानं फोटो दिला.

“घे तुझ्या बापाला,” रश्श्यात पळी फिरवत म्हणाला. “अर्धा वाळवीला गोड लागला. उरलेला तू कर की. मोठा फोटोवाला हायस.”

नाकाच्या रेषेपासून उजवीकडचा चेहरा पार गेला होता. त्या दिवशी मी चुलत्यावर हात टाकला नाही, तो फक्त आईसाठी.

आईला काचबिंदू झाला होता. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेलीही फार टिकणार नाही, असं पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आई एवढंच म्हणाली, “बापू, दिसतंय तवर एकदा त्यांचं आख्खं तोंड दाव मला.”

तेव्हा मी नुकताच कॉम्प्युटर, स्कॅनर आणि फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. पुण्याच्या डीलरला घाम फोडून घेतलं होतं. त्यात ‘फ्लिप’ म्हणून एक सोय असते. आरशात दिसावं तसं चित्र उलटं होतं, डाव्याचं उजवं. चांगल्या अर्ध्या चेहऱ्याची कॉपी करायची, फ्लिप करायची, शेजारी जोडायची. झाला पुरा चेहरा. एका बटणाचं काम, माणसाच्या हाताचा त्यात संबंधच नाही.

फोटो काचेला चिकटला होता, म्हणून काचेसकट स्कॅन केला. डावी बाजू कॉपी केली. फ्लिप केली.

उजवी बाजू वेगळी आली.

भुवई खाली आलेली. डोळ्याखालची पापणी सैल. ओठाचा कोपरा कुणी दोरा बांधून ओढावा तसा खाली. पुन्हा केलं. तेच. माझा स्वतःचा फोटो घेऊन फ्लिप केला — तंतोतंत. एका नवरीचा केला, कर्जासाठी काढलेला म्हशीचासुद्धा केला. म्हशीचं शिंगही चुकलं नाही. वडिलांचा केला की तोंड वाकडं. माऊस उघडून साफ केला, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, नव्यानं स्कॅन केलं. काही फरक नाही.

फोनवर शिव्या खाऊन शेवटी डीलर सीडी घेऊन बारामतीला आला.

“तुम्ही हातानं काहीतरी केलंय, साहेब.”

“ही खुर्ची. बसा. आता तुम्ही करा.”

त्यानं केलं. तसंच आलं. त्याचा चहा निवून गेला.

“व्हायरस असेल,” तो हळूच म्हणाला आणि बॅग आवरायला लागला.

“विकताना जीभ लई सैल होती तुमची. आता गिळली का?” मी म्हणालो. तो खाली मान घालून स्टँडकडे गेला.

इकडे आई दारात आलेल्या माणसाला आवाजावरून ओळखायला लागली होती. तांब्यासाठी हात पुढं करायची, तर तो तांब्याच्या शेजारी पडायचा. माझा धीर सुटला. एके दुपारी शटर अर्धं ओढलं आणि मला येणारा एकमेव धंदा केला — घासाघीस. स्क्रीनसमोर बसून म्हणालो, “आबा, डोळा तुमचा राहू द्या. भुवई पण घ्या. ओठ तेवढा सरळ करा. तिच्याकडं वेळ नाही हो.” जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी आबा म्हणालो. फ्लिप केलं. ओठ तसाच. असलं गिऱ्हाईक मला आजवर भेटलं नव्हतं.

मग मी जुन्या वाटेनं गेलो. फोटोचा फोटो काढला, डार्करूममध्ये निगेटिव्ह उलटी घालून प्रिंट काढली, कात्रीनं नाकावर कापून दोन बाजू चिकटवल्या, त्याचा पुन्हा फोटो घेतला. दोन्ही बाजू सारख्या. देखणा माणूस. जिंकलो, असं वाटलं. प्रिंट वाकू नये म्हणून पाकिटात मागं कॉम्प्युटरवरची एक वाया गेलेली प्रिंट घातली आणि शेळगावची गाडी धरली.

आईनं अंगणात उन्हाला धरून फोटो बघितला. जिथून दिसायचं तो कोपरा शोधत मान तिरकी केली.

“छान हाय. कोण म्हनायचं हे?”

“आई, आबा आहेत.”

“व्हय?” दुसऱ्याच्या घरी वाढलेलं नको असताना आपण गोड मानून घेतो ना, त्या आवाजात म्हणाली. मग पाकीट चाचपलं आणि मागची प्रिंट काढली. तिच्याबद्दल मी काही सांगितलं नव्हतं. बराच वेळ बघत राहिली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि फोटोतल्या ओठाचा तो खाली ओढलेला कोपरा पुसला.

“च्या गळायचा त्यांचा हितनं,” ती म्हणाली. “लगनाआधी मेंढरांमागं थंडीत उघड्यावर निजले, तोंडावरनं वारं गेलं. मला बघाय आले तवा सारा वेळ चांगली बाजूच म्होरं करून बसले. मला वाटलं, मानूस लाजाळू हाय.” हसली. “लबाड व्हते. तुझ्यावानी.”

“मला कधी बोलली नाहीस.”

“पोरं वाकड्याचा म्हनून चिडवतील, म्हनून न्हाय बोलले. मग ऱ्हाऊनच गेलं.”

लोक म्हणतात, लहानपणी पाहिलं असशील, मनात राहिलं असेल. मी जन्मलोच नव्हतो. आईनं माझं मन राखलं म्हणावं, तर पदर आधी हलला, बोलणं नंतर आलं. तीच मशीन पुढं कितीतरी वर्षं चालली, फ्लिप एकदाही चुकलं नाही. चुलत्याला मी माफ केलेलं नाही. पण हे वाकडं तोंड आठवत असूनही तो ‘उरलेला तू कर’ का म्हणाला, हे विचारायला भिगवणला जायचा धीर मला अजून झालेला नाही.

त्या साली ऊसतोड सुरू व्हायच्या आत आईची नजर गेली. तो वाकड्या ओठाचा फोटो काच लावून तिच्या हाताला लागेल एवढ्या उंचीवर टांगलाय. सकाळी चहा झाला की ती उठते, भिंत धरत जाते आणि काच पुसते. आख्खी नाही... तेवढाच कोपरा. बाकीच्या काचेवर धूळ असते.