जानूचा हात आणि अकलोलीचं पाणी

मी फिजिओथेरपीच्या दवाखान्यात दारापाशी बसते, नंबर पुकारते आणि रांग मोडणाऱ्यांना झाडते. माझ्या तोंडाला सगळे टरकून असतात. पण खारबावच्या जानूवर मी कधी डाफरले नाही. उजवा हात पोटाशी धरून, चपला बाहेर काढून, देवळात आल्यासारखा यायचा बिचारा. सोबत बायको, चंद्रा.

जानू भिवंडीत सायझिंगमध्ये कामाला होता. सूत लूमवर चढण्याआधी तिथे त्याला खळ लावतात. एका शिफ्टला पाइप सुटला आणि उकळती खळ त्याच्या कोपरावर पडली. पाणी ओघळून तरी जातं, खळ कातडीला चिकटून बसते. जखम भरली, पण कातडी आवळत गेली आणि खालची नस दाबली गेली. करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, आत वळायला लागलं, चिमटीतला जोर गेला. सायझिंगमध्ये सूत तुटलं की चिमटीतच गाठ मारावी लागते. शेठ म्हणाला होता, "गाठ मारने आएगा तब आ जाना, जगह रखेगा मैं." एवढ्याच आशेवर दोघं यायची.

आमची धम्मदिना मॅडम वयाने लहान, पण चिकाटीची. तेलाने व्रण चोळायची, कोपर हळूहळू सरळ करत नस मोकळी व्हायचे व्यायाम घ्यायची, झोपताना बोटांना बांधायला पट्टी दिली होती. डोळे मिटायला लावून बोटावर कधी कापूस, कधी काथ्या फिरवायची. जानू ठोकून द्यायचा, "कापूस!" आणि फिरत असायचा काथ्या. मग तिने त्याला कामावरच्या सुताची कांडीच आणायला लावली. रोज गाठ मारायची. रोज ती सुटायची.

एके दिवशी तो तोंड वाकडं करून आला. "मॅडम, करंगलीत मुंग्या येतान. नुसती आग व्हते."

धम्मदिना खुर्चीवरून उठलीच. "दादा, नस जागी होतेय तुमची! दुखेल आता, दुखू दे. फक्त चटक्याला जपा, बोटांना तो अजून कळत नाही. शेकायचं नाही. गरम पाणी तर अजिबात नाही."

"मी च्याचा कप पन देत न्हाय त्यांना," चंद्रा म्हणाली.

त्याच दिवशी गाठ बसली. आम्ही टाळ्या वाजवल्या. रांगेतल्या लोकांनीसुद्धा, कशासाठी ते न कळता.

पुढच्या खेपेला जानू हाताला फडकं गुंडाळून, हसत आला. "मॅडम, आग पार गेली! अकलोलीला गेलतो, देवीच्या गरम झऱ्यांव. सगल्यात गरम कुंडात हात घालून बसलो. लोका पाय बुडवून लगेच काढत व्हती, माना काय बी झाला न्हाय!"

धम्मदिनाने फडकं सोडलं. दोन्ही बोटांवर टरारून फोड आले होते, आणि फोडांखालची कातडी पांढरी पडली होती. जानू तिच्या तोंडाकडे बघत अजून हसतच होता.

"मी गरम पाणी नको म्हटलं होतं ना?" धम्मदिना ओरडलीच.

"घरात थेंब न्हाय लावला, मॅडम," चंद्रा म्हणाली. "ता काय चुलीवरचा पानी हाय? ता तर देवीचा."

मला एवढा संताप आला! पण झाडायचं कोणाला? आमच्याकडे अंगाला काही झालं की माणसं अकलोलीला जातात. माझ्या आईने मलाही खरूज झाली तेव्हा तिथेच नेलं होतं.

जखमा भरेपर्यंत व्यायाम बंद ठेवावे लागले. भरल्या, तेव्हा दोन्ही बोटं तळहातावर मिटली होती आणि चिमटीतला जोर पुन्हा गेला होता. धम्मदिनाने खोटी आशा दाखवली नाही. "दादा, आता गाठ नाही जमायची," एवढंच म्हणाली. शेठनेही दुसरा माणूस घेतला. जानू हल्ली भिवंडीजवळ पूर्ण्याला एका गोडाऊनचं गेट उघडतो, डाव्या हाताने.

शेवटचा आला तेव्हा त्याने टेबलावरची आपली कांडी उचलली आणि सूत उलगडत त्या एका गाठीपर्यंत आला. टोक दातात धरून डाव्या हाताने ओढून बघितलं. पुन्हा जोरात ओढलं.

"चंद्रा, बघ गो," तो म्हणाला. "सुटत न्हाय."

चंद्राने बघितलं नाही. ती बाहेर माझ्याजवळ येऊन बसली, पदर तोंडात कोंबून. मग पदर काढून म्हणाली, "ते नको बोलत व्हते. मीच नेला गो त्यांना कुंडाव."