गच्चीवरून आलेला फोन

झाडांची तब्येत तपासणं हे त्यांचं काम, म्हणून सगळे त्यांना डॉक्टरीणबाई म्हणत. नव्या इमारतीचा पाया खणताना शेजारच्या थोराड झाडाची एका बाजूची मुळं तुटली आणि त्या बाजूची पानं झडली. ठेकेदार म्हणाला, "बाई, हे गेलं. तोडून टाकू."

बाईंनी नखानं साल खरवडली. आत हिरवं होतं. "धुगधुगी आहे अजून!" त्यांनी झाडाभोवती कुंपण घातलं, ट्रकांनी दडपलेली माती मोकळी केली, वर पालापाचोळा पसरला आणि पाणी सुरू केलं. मग वाट पाहणं आलं. रोज कामावर जाताना त्या वाकडी वाट करून झाडाकडे डोकावायच्या. घरी नवरा म्हणे, "माझ्या गुडघ्याची एवढी चौकशी केली असतीस, तर मी पळत सुटलो असतो!"

एव्हाना इमारत वरपर्यंत उभी राहिली होती. एके सकाळी शेंडा बघायला त्या तिच्या गच्चीवर चढल्या. तुटल्या बाजूला तांबूस, लुसलुशीत पानंच पानं! त्यांनी घरी फोन लावला.

"अहो, फुटली!"

"कोणती? ती निळी बरणी?"

"पालवी हो, पालवी!"

हसता हसता त्या सिमेंटच्या गोणीवर बसल्या. आरडाओरडा ऐकून, कोणी पडलं की काय म्हणून ठेकेदार धापा टाकत वर आला, तर बाईंनी त्याचे हात धरून त्याला गरागरा फिरवलं.

"बाई, चक्कर येतेय!" तोही हसत सुटला.

"आणखी काही वर्षं लक्ष ठेवावं लागेल हं," बाई गंभीर चेहरा करायला गेल्या. पण तो काही केल्या जमेना.